वासापुरते बोंबील

आमच्या बाने तुळशीची माळ घातली आणि मासळी सोडली, तेव्हाची गंमत सांगतो, ऐका. पन्नास-बावन्न साल असेल. पनवेलच्या खाडीवर मिठागरात राबणारा माणूस, पण भाजी-भाकरीवर खूश झाला. "अंग हलकं वाटतं," म्हणायचा. आयनेही मग घरात मासळी आणणं बंद केलं.

पण जेवण झालं की बा शेजाऱ्यांच्या पडवीत जाऊन बसायचा. एक दिवस आयने हटकलंच, "तिथं काय हाय?"

"वारा बरा लागतो."

"वारा, का त्यांच्या चुलीतले बोंबील?"

दुसऱ्या दिवशी आयने आम्हा पोरांसाठी सुके बोंबील निखाऱ्यांवर टाकले आणि त्याला म्हणाली, "बसा इथंच. वासानं काय माळ तुटत नाय."

तेव्हापासून बा चुलीपाशी बसून वालाचं बिरडं खायचा, आमच्यापेक्षा चवीनं.

आय गेल्यावर माझ्या बायकोने एकदा मुद्दाम तसेच बोंबील भाजले. बा चुलीपाशी येऊन बसला. मग ताट बाजूला सारून म्हणाला, "नको भाजू गो पोरी. आता नुसता बोंबलांचाच वास येतो."