पॉडकास्ट कक्षात न मावलेल्या रंभाबाई

आजच्या निरोप समारंभाचे आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष माननीय वामनरावजी, मुख्याध्यापक आदरणीय रुपराव सर, शाळेचे डिजिटल समन्वयक प्रीतम सर, खुर्चीच्या अगदी काठावर टेकून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती रंभाबाई, माझे सहकारी शिक्षक, गोदामातल्या कामाचा खाडा करून आलेले वाडीतले पालक, आणि सकाळपासून सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो, तुम्हा सर्वांना लतिका मॅडमचा जय भीम आणि नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला बजावून सांगितलं आहे की रंभाबाईंबद्दल दोन गोड शब्द बोलायचे आहेत. रंभाबाईंनी एकोणीस वर्षं या शाळेत खिचडी शिजवली. खिचडीत कोणी साखर घालत नाही. तेव्हा गोडाचं काय ते शेवटी बघू.

त्यांच्याबद्दल बोलायचं तर सुरुवात आपल्या पॉडकास्ट कक्षापासून करावी लागेल, कारण गेल्या वर्षीपर्यंत ती खोली रंभाबाईंची धान्याची कोठी होती. पालकांसाठी सांगते, पॉडकास्ट म्हणजे बोलणं रेकॉर्ड करायचं आणि लोकांनी ते सवडीनं फोनवर ऐकायचं. बस, एवढंच. पण एवढंच आहे असं कबूल केलं तर खरेदी समिती कशी नेमणार? म्हणून नेमली. मीही तिच्यात होते.

मी म्हटलं, सर, फोनमध्ये रेकॉर्डर असतोच. आधी मुलांना त्यावर बोलू द्या. ज्याला पाच ओळी लिहिताना घाम फुटतो, तो पाच मिनिटं बोलतो. मग स्वतःचंच बोलणं ऐकतो आणि मी न सांगता त्याला कळतं की आपण गोष्टीचा शेवट आधीच सांगून बसलो. मुलं काय विचारतात ते बघू, मग काय घ्यायचं ते ठरवू. यावर रुपराव सर म्हणाले, "मॅडम, फुकटच्या वस्तूचं उद्घाटन कसं करायचं?" प्रश्न बिनतोड होता.

मग टेबलावर तीन माईक आले. त्यांत आवाज कसा येतो हे कोणी ऐकलं का? छे! एका माईकखाली दिवा होता, निळ्याचा गुलाबी होणारा. अध्यक्षमहोदयांनी विचारलं, "फोटोत कोणता चांगला दिसते?" झाली निवड. भिंतींना काळा फोम लागला. पंख्याची घरघर रेकॉर्ड होते म्हणून पंखा बंद. नागपूरच्या एप्रिलात, दार लावून, पंखा बंद करून, लेकराला सांगायचं की बाळा, मोकळेपणानं बोल! किल्ली प्रीतम सरांच्या जुडग्यात. वर्षभरात तिथे चौदा पॉडकास्ट झाले आणि त्यातले अकरा माननीय वामनरावजींचे शुभसंदेश होते. मुलांनी ते ऐकले, प्रार्थनेनंतर, उभ्यानं.

आणि कोठीतली पोती कुठे गेली? जिन्याखाली. ऑगस्टात जिन्याखाली पाणी शिरलं आणि तांदूळ कुबट झाला. पुढे काय घडलं ते मी सांगत नाही, कारण ते सातवीतल्या आमच्या दामिनीनं माझ्यापेक्षा चांगलं विचारून घेतलंय.

दामिनीचे वडील ट्रक चालवतात. शालेय पॉडकास्ट स्पर्धेसाठी तिनं आईचा फोन आणला आणि नळाजवळ तांदूळ निवडत बसलेल्या रंभाबाईंची मुलाखत घेतली. प्रश्न तिचे तिनेच काढले. त्यातला एक ऐका: "मावशी, तुम्ही कधी कोणाले नाही म्हटलं का?" रंभाबाई हसल्या. मग म्हणाल्या, "म्हटलं ना वं. मोठे सर म्हने, दोनदा धुवा आन् शिजवा. मी म्हटलं, सर, माह्या घरचा असता तं कोंबड्यायले नसता टाकला. लेकरायच्या पोटात कसा घालू? आन् मी शेगडीपुढं बसून राहिली, पेटवलीच नाही." त्या दिवशी मुलांना दुपारी दोन वाजता मुरमुरे-फुटाणे मिळाले. भूक लागली, पण कोणी आजारी पडलं नाही.

प्रीतम सर, माईकला हात लावू नका. माझी अजून दोन मिनिटं आहेत.

तर ही मुलाखत काळ्या खोलीत गेली. सरांच्या यंत्रात आवाज साफ करायचं एक बटण आहे. ते एकदा दाबलं, अमरावती रोडवरचे हॉर्न गेले. दुसऱ्यांदा दाबलं, सुपातल्या तांदळाचा आवाज गेला. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा रंभाबाईच डब्यात बसून बोलल्यासारख्या ऐकू यायला लागल्या. तांदळाची गोष्ट मात्र बटणानं जाईना, ती सरांनी हातानं कापली. उरलं सव्वा मिनिट. मग रुपराव सरांनी शुद्ध, प्रेरणादायी असा नवा मजकूर लिहिला. त्यात शेवटचं वाक्य होतं: "आता माझं वय झालं, मला विश्रांती हवी आहे."

हे वाचणार कोण? रंभाबाईंचा उच्चार म्हणे ग्रामीण. म्हणून एका शिक्षिकेला बोलावलं. तिला सांगितलं, बाई, तुमचा आवाज म्हणजे साक्षात आकाशवाणी. बाई फुगल्या. दार लागलं, पंखा थांबला, गुलाबी दिवा पेटला आणि बाईंनी रंभाबाई होऊन सगळा मजकूर एका दमात वाचला. स्पर्धेत पाच शाळा होत्या, आपल्याला पाचवं बक्षीस मिळालं, उत्तेजनार्थ. समोर ठेवलेली ट्रॉफी तीच.

ती शिक्षिका म्हणजे मी. मघापासून मी या व्यासपीठाकडे तुच्छतेनं बघते आहे, ते तुमच्या लक्षात आलं असेल. त्यातला मोठा वाटा मी स्वतःसाठी राखून ठेवला होता. सतरा वर्षं मुलांना सांगत आले की आपल्या शब्दांत उत्तर लिहा. आणि स्वतः काय केलं?

पॉडकास्ट प्रार्थनेनंतर लावला त्या दिवशी दामिनीनं मला विचारलं, "मॅडम, मावशी काहून बोलून नाही राहिल्या?" मी म्हटलं, तांत्रिक अडचण होती बेटा. तेव्हापासून तिनं माझ्या वर्गात हात वर केलेला नाही.

तरी मी गप्पच होते. गेल्या सोमवारी फलकावर ठराव लागला: "पॉडकास्टमध्ये रंभाबाईंनी स्वमुखे व्यक्त केलेल्या इच्छेनुसार त्यांना कामातून मुक्त करण्यात येत आहे." रंभाबाईंनी तो कोणाकडून तरी वाचून घेतला आणि माझ्याकडे आल्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मॅडम, मी कवा म्हटलं हे? मले तं अजून दहा वर्षं खिचडीचा भरला गंज उचलता येते." मला लाज वाटली. आजही वाटते आहे, म्हणून उभी आहे.

अध्यक्षमहोदय, तो ठराव मी तीनदा वाचला. जिनं स्वमुखे इच्छा व्यक्त केली तिला मुक्त करावं, असं तो सांगतो. ते मुख माझं होतं. तसं मी लिहून, सही करून आणलंय, हा कागद आपल्यासमोर ठेवते. आता दोनच गोष्टी होऊ शकतात. ठराव मागे घ्या, नाहीतर ही शाल आणि हा नारळ माझ्याकडे सरकवा. रंभाबाईंना नारळ देता येणार नाही, कारण त्यांनी काही मागितलेलंच नाही.

कार्यक्रमपत्रिकेत यापुढे "सत्कारमूर्तींचे मनोगत, वाचन लतिका मॅडम" असं छापलंय. ते टाइप केलेलं मनोगत माझ्या पर्समध्ये आहे आणि तिथेच राहील.

पालकहो, तुम्ही कामं सोडून आलात, मुलांनो, तुम्ही चुळबुळ न करता ऐकलंत, आणि व्यासपीठावरच्या मान्यवरांनी मला मध्येच खाली बसवलं नाही, सगळ्यांची मी मनापासून ऋणी आहे. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर मोठ्या मनानं सोडून द्या. रंभाबाई, तुमच्याकडे मात्र तेवढं मागायचा मला हक्क नाही. तुम्ही माफ केलं नाही तरी चालेल, पण इकडे या.

दामिनी, मावशीला हात दे, माईक त्यांच्या तोंडापर्यंत खाली कर. आणि प्रीतम सर, पंखा चालू राहू द्या.