गुडघ्याची प्रार्थना

गाठीचा रिपोर्ट घ्यायला आलेल्या सुताराशेजारी गवंडी येऊन बसला. टेबलामागच्या नर्सला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

“तू इथे कसा रे? तुला कुणी सांगितलं?”

“तूच. चर्चमधल्या आपल्या पुरुषांच्या बैठकीत दर शनिवारी गुडघ्यासाठी प्रार्थना मागून तू आमचे कान किटवतोस. परवाच्या बैठकीत मात्र म्हणालास, ‘माझं काही मागणं नाही.’”

“मग?”

“मग आज भर सकाळी दुकान बंद करून निघालास, तसा मागोमाग आलो. वहिनींना ठाऊक आहे?”

“नाही. हिंमतच होईना.”

“संध्याकाळी दोघं मिळून सांगू. आणि गुडघा?”

“दुखतोय की!”

“हुश्श.”

डॉक्टरांनी आत बोलावलं.

“सोबत फक्त नातेवाईक,” नर्स म्हणाली. “तुम्ही कोण यांचे?”

“शनिवारचा भाऊ.”

तिने वहीत ‘भाऊ’ एवढंच लिहिलं.