आमच्या सौ.चे मस्तक

जतन केले होते हो! शपथेवर सांगतो, मी जतन केले होते! चाळीस वर्षे नाटकांचे पडदे रंगवलेला मनुष्य मी, कोणत्याही चित्रशाळेची पायरी चढलो नाही, जे शिकलो ते ग्रंथालयातल्या पुस्तकांतून आणि स्वतःच्या हाताने... आणि माझी सून मला विचारते, "बाबा, जतन केलं होतंत ना?" तेही मऊ आवाजात! त्या मऊ आवाजाचीच तर धास्ती वाटते!

झाले काय, आठ महिने घरी बसलेल्या या मुलीला चित्रपटांच्या एका कार्यशाळेत नोकरी मिळण्याची संधी आली. परीक्षा म्हणून संगणकावर माणसाचे मस्तक घडवून पाठवायचे. गरगर फिरवता येते, मागून कानसुद्धा दिसतात, असे! तिने आमच्या सौ.चे घडवले. हुबेहूब! फक्त करडे... सिमेंटसारखे. मी म्हणालो, "सूनबाई, रंगाचे माझ्यावर सोपव. रंग मला कोणी शिकवू नये." हे वाक्य मी आता मागे घेऊ इच्छितो, पण घ्यायचे कोणाकडून?

तुम्हाला सांगतो, रंग द्यायचा थेट त्या मस्तकावर. परंतु लेखणी फिरवायची मेजावर संगणकाला जोडलेल्या पाटीवर आणि पाहायचे समोरच्या पडद्याकडे! पहिला दिवस नाक शोधण्यात गेला. दुसऱ्या दिवशी डाव्या गालावरचा वण रंगवला, मस्तक फिरवतो तो... उजव्या गालावरही वण! उजवा पुसला, तर डावाही गेला!

"बाबा, रंग एका सपाट चित्रात असतो, आणि दोन्ही गाल त्या एकाच चित्रातून रंग घेतात. जागा वाचते."

जागा वाचते! आणि मागे मटार सोलत बसलेली आमची सौ. म्हणते, "एकेचाळीस वर्षं संसार केलात, आणि वण कुठल्या गालावर तेही ठाऊक नाही? अन् डोळ्यांखाली ही काजळी कसली?"

"छाया आहे ती!"

"मग पडदे रंगवताना लावायची होतीत."

सूनबाईने गाल वेगळे करून दिले. चौथ्या दिवशी ओठांच्या कोपऱ्यात दाबलेले हसू उतरले, आणि काय सांगू... चेहरा बोलू लागला! सौ. मटार टाकून उठली, चष्मा पुसून पाहिले, म्हणाली, "अहो... ही मी?" बस्स, एवढेच. पण एकेचाळीस वर्षांत अशी दाद मिळाली नव्हती हो! मी तत्काळ जतन केले. 'जतन झाले' अशी अक्षरेही उमटली. यंत्र बंद केले.

सकाळी उघडतो तो... काळेठिक्कर! डोळे नाहीत, ओठ नाहीत, डांबर ओतल्यासारखे मस्तक! अहो, मी जतन केले होते!

"बाबा, मस्तक जतन झालंय. रंगाचं चित्र वेगळं जतन करावं लागतं."

वेगळे? दार उचलून दुसऱ्या घरी नेले, तर त्याचा रंग पहिल्या घरी राहतो काय? बारा वाजता पाठवायचे होते. मुलीचे डोळे भरून आले... तिने चार शब्द सुनावले असते तरी बरे वाटले असते! शेवटी काळे काढून करडेच पाठवले. दोन दिवस मी जेवलो नाही... म्हणजे दुपारचे जेवलो नाही. उतारवयात सुनेच्या पोटावर पाय दिला, याहून वाईट ते काय?

तिसऱ्या दिवशी फोन आला. निवड झाली! मी भीत भीत विचारले, "आणि रंगाविषयी काय म्हणाले?"

पुन्हा तोच मऊ आवाज. "म्हणाले, बाकीच्यांनी रंग लावून घडण झाकली, तुम्ही झाकली नाहीत, म्हणून तुम्हाला घेतलं."

यावर आमची सौ. काय म्हणाली असेल? "बघितलंत? तुम्ही हात लावला नाहीत की कामं कशी होतात!"

हात लावला नाही! चार दिवस खपलो, तिला तिचा चेहरा दाखवला... परंतु बोलणार काय? पुरावा आहे कोठे माझ्याकडे?