रिकामं भांडं

चिहारू : ते परत पिशवीत ठेवा ना, बाई.

एनोकिदा बाई : अगं, नीट बघ तरी. चौथी 'ब'. अख्खं सत्र शाळेच्या जेवणातलं एक शीतसुद्धा स्वयंपाकघरात परत गेलं नाही. साऱ्या शाळेत फक्त आपला वर्ग. निवृत्त झाले तेव्हा मी हे प्रशस्तिपत्रक तेवढं घरी नेलं.

चिहारू : आईनं आणायला सांगितलं?

बाई : नाही. आई फक्त 'या' म्हणाली. रडत होती गं फोनवर. 'शाळेत तुमच्यासमोर ती सगळं खायची, एकदा बसा तिच्याजवळ,' म्हणाली. हे माझ्याच मनात आलं. वाटलं, तुला बरं वाटेल.

नर्स : आत येऊ? चिहारू, ताट. अर्धा तास, मग तासभर पडून राहायचं. आज आमच्यात माणसं कमी आहेत, तर बाई बसतील तुझ्याजवळ. बाई, एक विनंती. 'खा' म्हणायचं नाही. 'छान खाल्लंस'सुद्धा नाही.

बाई : चाळीस वर्षं मी तेवढंच तर बोलत आले हो.

नर्स : म्हणून आधीच सांगितलं. बाकी गप्पा मारा खुशाल.

(नर्स ताट ठेवून जाते.)

चिहारू : आज ताट रिकामं झालं नाही तर उद्या सकाळी नाकातून नळी घालणार आहेत. ते नाही सांगितलं त्यांनी.

बाई : आईनं सांगितलं मला.

चिहारू : माझ्याकडे बघू नका.

बाई : बरं. खिडकीकडे बघते. छपरांवर अजून बर्फ आहे बघ.

चिहारू : बोला काहीतरी. जेवणाचं सोडून.

बाई : आपल्या वर्गातली कोतोने भेटली होती बसमध्ये. केस कापायला शिकतेय. माझ्या केसांकडे अशी बघत होती, की मी टोपीच घातली.

चिहारू : कोतोने... तिला सगळ्यात जास्त वेळ लागायचा, आठवतं?

बाई : आठवतं ना. दूध तर घोट घोट.

चिहारू : ताट संपेपर्यंत उठायचं नाही, हा तुमचा नियम. मग साफसफाईची वेळ व्हायची. आम्ही बाकं मागे सरकवायचो. कोतोनेला बाकासकट मागे सरकवायचो. ती ताटासमोर बसलेली आणि आम्ही तिच्या पायांशी झाडू मारतोय. धूळ तिच्या भातावर.

बाई : तेव्हा सगळेच तसं करायचे गं... नाही. मी करायचे.

चिहारू : म्हणून मी तिचं खायचे. तुम्ही फळ्याकडे वळलात की. मग हारुतोचं. मग वर्गाच्या मोठ्या भांड्यात उरलेलं. तुम्ही भांडं वाकडं करून दाखवायचात आणि विचारायचात, 'कोण वाचवणार आज वर्गाला?'

बाई : आणि तुझा हात वर.

चिहारू : एकदा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, 'आपल्या चिहारूच्या पोटाला तळच नाही!' सगळे हसले. तुम्हीपण. मीपण हसले.

बाई : मी कौतुकानं...

चिहारू : माहितीये. पण सहावीपर्यंत माझं नाव 'बिनतळाची' होतं. पोहायच्या तासाला तर सगळे माझ्या पोटाकडेच बघायचे.

बाई : मला का नाही सांगितलंस?

चिहारू : तुम्ही किती खूश असायचात.

(बाई डोळ्यांना रुमाल लावतात.)

चिहारू : रडू नका ना. तुमच्यामुळे झालं नाही हे. एकच कारण शोधू नका, असं डॉक्टर सांगतात. मलाही आणि आईलाही. सातवीत मी थोडं कमी खाऊन बघितलं. छान वाटलं. भूक लागली की जिंकल्यासारखं वाटायचं. मग डोक्यात कुणीतरी येऊन बसलं. आता एक घास घेतला तरी ती ओरडते, 'बिनतळाची.' मी तिला म्हणते, मला थंडी वाजते, चक्कर येते. ती म्हणते, नाटकं करू नकोस.

बाई : आत्ता ओरडतेय?

चिहारू : मघापासून. तीन घास खाल्लेत ना मी.

बाई : मी खिडकीकडेच बघतेय.

चिहारू : बाई, किती वाजले?

बाई : दहा मिनिटं उरलीत.

चिहारू : एक मागू? हे उरलेलं तुम्ही खा.

बाई : काय?

चिहारू : निम्माच भात आहे नि मासा. नर्सताईंना रिकामं ताट दिसलं की झालं. बाई, ती नळी... शेजारच्या मुलीला घालताना मी ऐकलंय. प्लीज. तुमचं भांडं मी किती दिवस रिकामं केलं! तुम्ही माझं एकदा करा. एकदाच.

बाई : चिहारू, मी आता तुझ्याकडे बघू?

चिहारू : बघा.

बाई : मनात आणलं तर दोन मिनिटांत संपवीन मी हे. तुझी आई खूश होईल, नर्स खूश होतील. त्या सत्रात आम्ही सगळे होतो तसे. आणि तू आतून काय सोसतेयस ते पुन्हा कुणालाच कळणार नाही. नाही गं बाळा. मला नाही जमणार.

चिहारू : म्हणजे उद्या नळी.

बाई : हो.

चिहारू : तुम्ही फार वाईट आहात.

बाई : असेन.

चिहारू : मला भीती वाटते.

बाई : मलाही वाटते. तुला ताप आला होता शाळेत, तेव्हाही वाटली नव्हती एवढी.

नर्स : झाला अर्धा तास. किती उरलंय? बाई?

बाई : चिहारू सांगेल.

चिहारू : ...निम्मं. निम्म्याहून थोडं जास्तच. मासा तसाच आहे.

नर्स : बरं. खरं सांगितलंस. डॉक्टरांना कळवते. आता आडवी हो. ते काय, प्रशस्तिपत्रक? टेबलावर ठेवायचंय?

बाई : नाही हो. ते घेऊन जाते मी. चिहारू, उद्या पहिल्या बसनं येते. नळी घालतील तेव्हा मी इथंच असेन, दाराबाहेर बसेन.

चिहारू : बाहेर नको, बाई. आत बसा.