पायाळू केवळाबाईच्या सुनेचा घोटा

दि. १३ मे १९८३

मी केवळाबाई भ्र. केरबा मुळे, वय अंदाजे ५२ वर्षे, धंदा शेती, रा. हिंगणदरा, ता. अहमदपूर, जि. लातूर (मी उस्मानाबाद सांगितले, जमादारांनी नवा जिल्हा लिहिला). समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील गावी मी, मुलगा नरसिंग व सून सिंधु, वय १९, असे तिघे राहत होतो.

मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी आले. कोणाची कंबर धरली, पाय मुरगळला, तर माझा पाय तीनदा लावून घ्यायला पाच गावचे लोक येतात. गुण आला नाही असे आजवर कोणी तोंडावर बोलले नाही.

दि. ४ मे रोजी सकाळी नऊच्या सुमारास दुष्काळी कामावर खडीच्या ढिगावरून उतरताना सिंधुचा उजवा पाय आत वळला. घोटा टम्म फुगला व काळानिळा पडला. नरसिंगने तिला सायकलवर दवाखान्यात नेले. हाड शाबूत आहे, सांध्याची शीर फाटली आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. पट्टी बांधून दिली. पाय उशीवर ठेवा, चोळू नका, तीन आठवडे भार देऊ नका, मग हळूहळू चालवा, असे बजावले.

घरी आल्यावर मी नरसिंगला म्हणाले, "काखेत कळसा अन् गावाला वळसा." मीच पट्टी सोडली. तिच्या घोट्यावर तीनदा पाय दाबला. ती ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी विचारले तर हसून म्हणाली, "उतरलं की ओ आत्याबाई. आता कायबी दुखत न्हाई." मी ते गल्लीभर सांगितले. मला लई आनंद झाला होता.

दि. १२ रोजी दुपारी तीन वाजता टँकर आला. टँकर गावच्या आडात पाणी सोडतो व बायका काठावरून पोहऱ्याने शेंदतात. मीच तिला म्हणाले, "जा गं, तुझा पाय बरा हाय." शेजारीण पारूबाई तिच्याजवळ उभी होती. भरला पोहरा ओढताना सिंधुचा उजवा पाय दुमडला व ती आत गेली, असे पारूबाईने पाहिले. कोणाचा धक्का लागला नाही. आड सात परस, म्हणजे चाळीसेक फूट खोल, पाणी कमरेएवढे. वर काढली तेव्हा जीव नव्हता.

पंचनाम्याच्या वेळी तिच्या घोट्याला लुगड्याआड चिंधी आवळून बांधलेली निघाली. घोटा पहिल्यापेक्षा जास्त सुजलेला होता. पारूबाई रडत म्हणाली, "मला आण घातली व्हती तिनं. आत्याबाईला कळू देऊ नका, लोक म्हणतील घरच्या सुनंलाच गुण आला न्हाई."

सुनेला जाच होता का, असे विचारल्यावरून सांगते की, जाच नव्हता. आमचे कधी भांडण झाले नाही. ती भांडणारी असती तर तिने मला खरे सांगितले असते. माझी लेकच होती ती.

आज सकाळी मुखेडकडचा एक माणूस लंगडत दारात आला. मी त्याला दवाखान्यात जा म्हणाले.

माझा कोणावर संशय नाही. तक्रार माझ्यावर आहे, ती लिहा, असे मी म्हणाले. जमादार म्हणाले, "मावशी, तशी लिहिता येत न्हाई." मग मी बोलले तेवढे तरी लिहा म्हणाले, म्हणून लिहिले.

जबाब मला वाचून दाखवला. मी तो पुन्हा वाचायला लावला. सगळे मी सांगितल्याप्रमाणे आहे, खरे आहे. सिंधु "दुखत न्हाई" म्हणाली, तेवढेच खोटे आहे.

(अंगठा) केवळाबाई भ्र. केरबा मुळे