चव न घेता रांधलेले दिवस

मी मूळची चंदगडकडची, पावणं. पावसाचा मुलूख, भात खाऊन वाढलेली माणसं आमी. लगीन होऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेत आले तवा ह्या घरचा तांबडा रस्सा बघून माझं डोळंच पांढरं झालं, एवढं तिखट माणूस खातं तरी कसं, आन मंग त्योच रस्सा मी रोज तीस माणसांना वाढाय लागले. खानावळ आत्याबाईंची, म्हंजे माझ्या सासूची. आमचं मालक लेथ मशीनवर कामाला, त्येंचा सैपाकाशी संबंध खाण्यापुरता. आत्याबाईंचं गुडघं गेलं तशी त्येंनी मसाल्याची बरणी माझ्या हातात दिली आन म्हणाल्या, चव राख, लोकं चवीसाठी येत्यात, तुझं तोंड बघाय न्हाय.

आन तोंडच बिघडलं की माझं. सत्तर सालानंतरची गोष्ट, थोरली पोरगी पाचवीत हुती. आधी हातावर गांधी उठल्या, लालभडक, खाज अशी की भांडी घासायच्या काथ्यानं खाजवावं वाटायचं. मंग मानंवर, मंग पाठीवर. कुणी म्हणालं पित्त हाय, आमसूल लावा, लावलं. आत्याबाई म्हणाल्या जोतिबाचं कायतरी राह्यलंय, तर जाऊन गुलाल-खोबरं उधळून आले. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी ओठ सुजला. काय सांगू तुम्हाला, भाकरी वाढत हुते आन आमच्याकडं सात वर्सं जेवणारं एक कारकून, त्येनं माझ्या हाताकडं बघितलं, ताट सारलं आन उठलं.  दुसऱ्या दिवशी त्येच्या हापिसातली चौघं आली न्हाईत. पेठेत बोलणं उठलं, बाईला कसला तरी रोग लागलाय, तिच्या हातचं खाऊ नगा. तिसाची अकरा माणसं राह्यली.

पोरीच्या शाळेतल्या बाईंनी एका डॉक्टरीणबाईकडं धाडलं. तिनं गोळ्या दिल्याच न्हाईत, काय काय खाता तेवढं इचारलं. मी म्हणाले, सगळंच खाते की. ती म्हणाली, त्या सगळ्यातलं एक कुणीतरी तुमच्या वाईटावर हाय, त्येला पकडायचं. एकवीस दिवस नुस्ता भात, उकडलेला दुधी आन मीठ. तेल न्हाय, तिखट न्हाय, दूध न्हाय, च्यासुदिक न्हाय. मंग तीन-तीन दिवसांनी एकेक जिन्नस चालू करायचा. मी म्हणाले, अवो बाई, मी खानावळवाली, चव बघावी लागती. ती म्हणाली, जिभेवर थेंब गेला तरी परत पयल्यापास्नं.

घरात सांगितलं तर आत्याबाई कडाडल्या, कोल्हापुरात ऱ्हाऊन दुधी खाणार, लोकं हसतील. मी म्हणाले, लोकं आत्ताबी ताट सारून उठत्यातच की. 

चव बघायला मालकांना बसवलं. वाटी दिली की म्हणायचं, एक नंबर. परवाबी एक नंबर, आजबी एक नंबर. एक दिवस पंगतीत सगळ्यांनी मीठ मागितलं, बघते तर मी मीठ घालायचीच इसरलेली, आन ह्येंचं एक नंबर! तशा आत्याबाई गुडघं धरत चुलीपाशी आल्या, म्हणाल्या, हो बाजूला, वाटी हिकडं दे, आजपास्नं तुझी जीभ मी.

नवव्या दिवशी माझ्या हातनं चूक झाली. पांढरा रस्सा उतरवताना बोटाला लागला आन सवयीनं बोट तोंडात गेलं. घटकाभरात मान लाल. कुणी बघितलं न्हवतं, पर मी आपणहून जाऊन डॉक्टरीणबाईला सांगितलं. ती म्हणाली, खरं बोलला ते बरं केलंत, आता परत पयला दिवस. घरी येऊन मी रडले, नऊ दिवस पाण्यात गेलं म्हणून. आत्याबाईंनी काय करावं? माझ्या ताटातच हात घातला, दुधी उचलला, खाल्ला आन म्हणाल्या, वाईट न्हाय गं. त्या दिवसापास्नं सांजचं जेवण त्या माझ्यासारखंच जेवल्या, बिनतिखटाचं, सत्तरीची कोल्हापूरची बाई.

एकवीस दिवस भरलं आन आंग आरशासारखं झालं. पर काम अर्धंच झालतं. ज्वारी खाल्ली, काय झालं न्हाय. दूध प्यायले, शेंगदाणं खाल्लं, कांदा, लसूण, खोबरं, सगळी निर्दोष सुटली. मिरचीच्या दिवशी मी देवाला हात जोडलं, हीच निघाली तर मी कोल्हापुरात करायचं काय? तीन दिवस गेलं, मिरचीबी सुटली! ऱ्हायल्या मसाल्यातल्या बारक्या जिनसा. डॉक्टरीणबाई म्हणाली, ह्या घरी खायाच्या न्हाईत, माझ्याम्होरं बसून. धणं झालं, खसखस झाली. मंग चिमूटभर भाजलेलं तीळ जिभेवर ठिवलं. पाव तास झाला न्हाय तोवर ओठ फुगला, घशात खवखवाय लागलं. तिनं लगीच सुई टोचली, आन मी त्या सुजल्या तोंडानं हसाय लागले. सापडला की चोर!

आत्याबाई ऐकून म्हणाल्या, तीळ? एवढासा तीळ? आमच्या मसाल्यात, चटणीत, रश्श्यात, भाकरीवर, सगळीकडं तीळ. त्यो मसाला त्येंच्या सासूपास्नं चालत आलेला, पर त्येंनी बरणी उचलली आन शेजारणीला देऊन टाकली. खलबत्ता गरम पाण्यानं धुतला. मंग खोबरं वाढवून, खसखस वाढवून आमी दोघींनी मसाला केला, दोनदा फसला, तिसऱ्यांदा आत्याबाईंनी बोट चाटलं आन डोळं मिटलं. ह्या खेपेला मीबी चाटलं.

महिन्याभरानं ते कारकून दारात उभं. मी हात कोपरापर्यंत उघडं ठिऊन वाढलं, बघ म्हणलं काय बघायचं ते. त्येनं तीनदा रस्सा मागून घेतला आन इचारलं, वैनी, मसाला बदललाय व्हय? मी म्हणाले, व्हय. तर म्हणतंय, मंग आदीच बदलायचा की! वर्सभरात आमची दुसरी पंगत बसाय लागली, पाटं कमी पडलं.

आता आत्याबाई न्हाईत, खानावळ माझी सून बघती. संक्रांतीला गल्लीतल्या पोरी माझ्या हातावर गूळ-खोबरं ठेवत्यात, त्यांना ठावं हाय. मी पोटभर जेवते, तिखटजाळ. देवानं सगळ्यांना खायला द्यावं, आन ज्येला जे सोसतं तेच द्यावं, एवढंच माझं मागणं.