आधी हवापाणी

होनामी : आजोबा, परत ‘छान आहे’ म्हणालात! कुठे अडतंय ते सांगा ना. कंपनीनं मला त्यासाठीच पाठवलंय.

तोकुजी : अडतंय कुठे? अक्षरं मोठी, रंग सोज्वळ. छान आहे.

होनामी : अहो, परीक्षा तुमची नाही, या ॲपची आहे.

तोकुजी : म्हणूनच तर. एवढ्या लांबून आलंय बिचारं, नापास कसं करायचं?

कियोए : माझ्या हातचं पहिलं सूपही हे ‘छान’ म्हणूनच प्याले होते. खरं काय ते मला शेजारणीकडून कळलं.

होनामी : बरं, गेल्या वेळी दाखवलेलं हे लाल बटण पुन्हा बघा. पायांवर सूज आली की दाबायचं. निरोप थेट दवाखान्यात, इनुई नर्सबाईंकडे. समजा, तुमचे पाय सुजलेत. दाबा.

तोकुजी : दाबतो की. आधी चहा घ्या.

कियोए : समजा कशाला? अहो, त्या रजईखालून पाय बाहेर काढा! होनामीबाई, परवापासून यांच्या पायांत मोजे चढत नाहीत. मागच्या वेळी असंच लपवलं आणि शेवटी अॅम्ब्युलन्स बोलवावी लागली. पुन्हा इतका उशीर केलात तर हृदय ऐकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

होनामी : परवापासून? मग बटण का नाही दाबलंत?

तोकुजी : दाबणारच होतो. पण दाबल्यावर जातं काय, ते पाहिलंत? ‘पाय सुजले.’ बस्स! ना ऋतूबद्दल एक ओळ, ना ‘आपण कुशल असालच’. ज्या बाईंना मी एकदाच भेटलो, त्यांच्या पुढ्यात एकदम पायच टाकायचे?

कियोए : नळ गळत होता, तेव्हा नळवाल्याला लिहिलेल्या पत्रात यांनी अर्धं पान मेपलच्या झाडाच्या लाल पानांचं वर्णन केलं होतं. तोवर न्हाणीघरात तळं.

होनामी : आजोबा, हीच तर अडचण! हीच हवी होती मला. हे बघा, खाली हा रिकामा चौकोन आहे. आधी यात लिहा, मग बटण.

तोकुजी : इथे लिहिता येतं? मग लपवलंय कशाला?

होनामी : हां! असंच बोला.

तोकुजी : चौकोन बारीक आहे. आणि रंग सोज्वळ नाही, आजारी आहे.

कियोए : फुटला बांध.

तोकुजी : (चष्मा लावून, एकेक अक्षर दाबत) ‘उमे-प्लमची झाडं बहरली, तरी पहाटे गारठा आहेच. कामाच्या रगाड्यात आपण प्रकृतीची हेळसांड करत नसाल, अशी आशा आहे. एक क्षुल्लक गोष्ट. माझे दोन्ही पाय सुजले आहेत. आडवं झालं की दमही लागतो.’

कियोए : दम? मला बोलला नाहीत ते!

तोकुजी : तू कुठे पत्र मागितलंस?

होनामी : दाबा आता. दाबा! …गेलं. थांबा, उत्तर आलंसुद्धा. ‘पत्र वाचून प्रसन्न वाटलं. आमच्या दारातली उमेही फुलली आहे. आता ती क्षुल्लक गोष्ट : ताबडतोब या. डॉक्टर थांबले आहेत. वेळेत कळवलंत, बहुधा गोळ्या बदलून भागेल असं म्हणतात.’

तोकुजी : घरंदाज दिसतात बाई.

कियोए : मी टॅक्सी बोलावते. उठा.

तोकुजी : पण त्यांच्या उत्तराला उत्तर—

होनामी : आजोबा!

तोकुजी : बरं, बरं. कियोए, मोजे नवे काढ. सैलसर बघ. पाय दाखवायचेत.